लाटा, मासा आणि आमचे मेहुणे

भांडायचं ठरवूनच मी लिहायला बसलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. एरवी मी भांडणारा माणूस नाही. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाची भांडणाची हौस समोरच्या रांगेतली मंडळीच परस्पर भागवून टाकतात. ‘पासबुक छापायचं मशीन बंद आहे’ हे वाक्य दिवसातून तीस वेळा नम्रपणे उच्चारल्यावर घरी नेण्याइतकं भांडण अंगात उरत नाही. पण काही गोष्टींना मर्यादा असते. तळ्याचं पाणी वाऱ्याने हेलकावायला लागलं की पाण्यावर तरंगणारं आमिष गुंडाळून पेटीत ठेवावं, आणि ठेवायचं नसेलच तर निदान चांगला झगझगीत रंग बघून निवडावं, असं जे लोक सांगत फिरतात त्यांच्याशी मला भांडायचं आहे. त्यांत एक दुकानदार आहे, मोबाइलच्या पडद्यावर टोपी घालून बोलणारे परमुलखातले दहाबारा इसम आहेत आणि आमचे मेहुणे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, सोलापूरच्या माणसाला लाटा उठलेलं पाणी भेटलं कुठं? प्रश्न रास्त आहे. ज्या गावाने वर्षानुवर्षं नळाला चार-चार दिवसांनी पाणी पाहिलं, तिथे पाणी खवळण्याआधी माणसं खवळतात. आम्ही नवी पेठेतले. आमच्या लहानपणी लाटा बघायच्या म्हणजे भरलेली घागर घाईघाईने जिन्यावरून वर न्यायची. तरी पण सोलापूरला तळी आहेत, बरं का. खुद्द गावात सिद्धेश्वराचं तळं आहे. तुळजापूरच्या रस्त्याला लागलं की हिप्परग्याचा तलाव आहे. सरकारी कागदावर त्याचं नाव एकरुख. 1871 साली इंग्रजांनी आदिला नदीला मातीचा बांध घालून तो बांधला. आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला भीमेवरचं उजनी आहे. 1980 साली पुरं झालेलं, 117 टीएमसीचं. त्याच्या फुगवट्याच्या काठावर उभं राहिलं की पलीकडचा किनारा दिसेलच याची खात्री नाही. पाऊस आमच्याकडे बेताचा, पण वारा सढळ. मृग कोरडा जातो, आर्द्रा कोरडी जाते, वरून ढग नुसते हजेरी लावून पुढे सरकतात, आणि पश्चिमेचा वारा मात्र आषाढभर असा सुटतो की वाळत घातलेली सोलापुरी चादरसुद्धा, जिचं वजन जगाला ठाऊक आहे, ती शेजाऱ्याच्या गच्चीवर सापडते. त्या वाऱ्याने हिप्परग्याच्या पाण्यावर वीत-वीतभर लाटा उठतात. तेव्हा लाटांबद्दल बोलायचा अधिकार मला आहे.

या छंदाचं खापर मेहुण्यांच्या डोक्यावर फोडायला हवं. मेहुणे माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पुण्याला असतात, त्यामुळे कुठलाही विषय निघाला की त्यांना त्यातलं कळतं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आले ते मिठाईच्या पुड्याऐवजी एक पेटी घेऊन. पेटीत खण, खणांत खण, आणि प्रत्येक खणात एकेक चकाकती वस्तू. कुणाला डोळे रंगवलेले, कुणाच्या शेपटीला झिरमिळ्या, कुणाच्या पोटात छर्रे. सौभाग्यवती पुढे होऊन म्हणाली, “अगबाई, कानातले का?” भाऊ किंचाळला, “ताई, हात लावू नकोस, गळ आहेत!” वास्तविक तिचं काही चुकलं नव्हतं. त्या वस्तू बाईमाणसाला आवडाव्यात अशाच बनवलेल्या होत्या. फरक इतकाच की त्या विकत घेतात बाप्ये. पुढे माझ्या सगळ्या युक्तिवादाचं बीज बायकोच्या त्या पहिल्याच प्रश्नात होतं, पण त्या वेळी ते मला कळलं नाही. तिचं म्हणणं मला साधारण तीन वर्षांनी कळतं, असा सोळा वर्षांचा हिशेब आहे.

ज्यांना या विद्येचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून बसणं हा झाला आपला पिढीजात प्रकार. त्यात माणूस बसतो आणि मासा येतो. दुसरा प्रकार खोट्या आमिषाचा. त्यात आमिष लांब फेकायचं, ओढत आणायचं, पुन्हा फेकायचं. म्हणजे माणूस दमतो आणि मासा येत नाही. यातलं काही आमिष पाण्याखालून चालतं, काही पाण्यावर. पाण्यावरच्यात पोकळ रबरी बेडूक असतो, दोन्ही गळ पाठीवर वळवलेला, त्यामुळे तो पाणवनस्पतींत अडकत नाही. गुळगुळीत सुरळीसारखं एक असतं, दोरीला हलके झटके दिले की ते डावीकडे-उजवीकडे तोंड फिरवत चालतं. एकाच्या अंगाला पंखे असतात. आणि एक असतो पॉपर. त्याचं तोंड वाटीसारखं खोलगट असतं. दोरीला हिसका दिला की तो पाण्याला थोबाडीत मारतो आणि ‘गुडुप्’ असा आवाज येतो.

या सगळ्याचा आमच्याकडचा गिऱ्हाईक कोण, तर मुख्यत्वे मरळ. हेही नीट समजून घ्या, कारण पहिले सहा महिने मी कटल्यासाठी बेडूक फेकत होतो. कटला वरच्या थरात चरतो असं मेहुण्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते खरंही आहे. पण तो चरतो ते पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव. त्याला बेडूक देणं म्हणजे साबुदाण्याच्या उपासाला बसलेल्या माणसाच्या पानात अख्खी कोंबडी वाढणं. रोहू मधल्या थरातला, मृगळ तळाचा. मरळ मात्र खरा शिकारी. त्याला नुसत्या कल्ल्यांवर जगता येत नाही, मधून मधून वर येऊन हवा घ्यावी लागते. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागाशी त्याचा रोजचा संबंध, आणि वर जे काही फडफडेल त्याच्याशी त्याचं वैर.

तर मेहुण्यांचा सिद्धान्त असा. पाणी आरशासारखं शांत असेल तेव्हाच वरचं आमिष वापरायचं. लाटा आल्या की आमिष माशाला दिसत नाही, मासाही खाली जाऊन बसतो, आपणही घरी जाऊन बसावं. “दाजी, विज्ञान आहे ते,” असं ते वर म्हणतात. अहो, पुण्यात असेल! सोलापुरात आरशासारखं पाणी बघायचं तर पहाटे साडेपाचला हिप्परग्याला पोचायला हवं, आणि आठ वाजता परत निघायला हवं. नवाला वारा उठतो तो दिवेलागणीपर्यंत पडत नाही. आम्हां नोकरदारांना मिळतो रविवार, आणि रविवारी सकाळी घरातली किती कामं उरकल्यावर उंबरठा ओलांडता येतो, हे विज्ञानाला माहीत नसतं. शांत पाण्याचाच आग्रह धरला तर हा छंद फक्त निवृत्तांसाठी आणि बेकारांसाठी राखीव करावा लागेल.

शिवाय सिद्धान्तच चूक आहे. वाऱ्याने पाणी ज्या काठावर ढकललं जातं त्या काठाकडे पाण्यावरचं बारीक खाणं वाहत जातं. त्याच्यामागे चिंगळ्या आणि बारकी मासळी जाते. तिच्यामागे मोठा मासा जातो. म्हणजे वारा तोंडावर घेत ज्या काठावर उभं राहायला माणसाला नको वाटतं, त्याच काठाशी पंगत बसलेली असते. त्यातून लाटांनी पाण्याचा पृष्ठभाग तुटतो, उजेड फुटून खाली जातो, काठावरचा माणूस माशाला धड दिसत नाही, आणि एरवी सावली पडली तरी पळणारा मासा धीट होतो. शांत पाण्यात मरळाला तुमच्या चपलेचा ब्रँड कळतो. लाटांत तुम्ही फक्त एक हलणारं काहीतरी असता.

हे मी काही पुस्तकात वाचून बोलत नाही. पहिल्या आषाढात मी लाटांत फेकून फेकून हरलो, त्याच्यातून बोलतो. पहिल्यांदा फेकला तो रबरी बेडूक. बेडूक आतून पोकळ, वजनाला हलका. मी फेकला पुढे, वाऱ्याने आणला मागे, आणि तो माझ्याच शर्टाच्या पाठीत रुतून बसला. दुसऱ्या फेकीला पाण्यात पडला तर लाटेने उताणा केला. उताणा बेडूक ओढत आणणारा माणूस बघून बांधावरची म्हशी राखणारी दोन पोरं इतकी हसली की म्हशींनी चरणं थांबवलं. मग मेहुण्यांची लाडकी सुरळी काढली. शांत पाण्यावर ती सारसबागेत फिरायला आलेल्या गृहस्थासारखी डुलत डुलत चालते. लाटेवर तिचं डावं-उजवं सगळं विसरलं. एका लाटेवरून उडी मारून ती दुसऱ्या लाटेत बुडायची, आणि मधल्या वेळात तिचा पाण्याशी संबंधच नसायचा. आता यावर मेहुणे म्हणतात, “बघा, म्हणून सांगत होतो.” मी म्हणतो, हे म्हणजे पायात कोल्हापुरी घालून चिखलात घसरल्यावर चालणंच बंद करण्यासारखं झालं. दोष चालण्याचा नव्हता, जोड्याचा होता.

जोडा बदलावा म्हणून मी दुकानात गेलो, आणि भांडणाचा दुसरा अध्याय सुरू झाला. दुकान कुठलं ते सांगत नाही. दुकानदाराला मी सांगितलं, लाटांत चालेल असं वरचं आमिष द्या. त्याने माझ्याकडे न बघता एक पाकीट पुढे केलं. आत गुलाबी आणि पोपटी अशा दोन रंगांचा, पोटाला सोनेरी वर्ख लावलेला एक नाजूक प्रकार. “लाटांत रंग भडक लागतो साहेब. लांबून दिसला पाहिजे.” किंमत 650 रुपये. मी म्हटलं, वजन किती आहे? तो म्हणाला, “वजनाचं काय घेऊन बसलात, रंग बघा!”

मी नवी पेठेत वाढलेला माणूस आहे. रंग दाखवून वस्तू गळ्यात मारण्याच्या कलेशी माझा जन्मापासूनचा परिचय आहे. इथल्या कुठल्याही कापडदुकानात बसा. साडी ट्यूबच्या उजेडात पसरली जाते, गिऱ्हाईक बाई ती उचलून दारापर्यंत नेते, उन्हात धरते, पुन्हा आत येते, नाक मुरडते. ती शहाणी आहे. ज्या उजेडात नेसायची त्या उजेडात ती रंग बघते. आता मला सांगा, मासा आमिष कुठून बघतो? खालून! त्याच्या बाजूने वर बघा. मागे लखलखीत आकाश, आणि त्याच्यासमोर आडवी आलेली एक वस्तू. उन्हात दोरीवर वाळणारी साडी खाली उभं राहून बघितलीत, तर जरीच्या काठाचं काय दिसतं? एक काळपट पट्टा. तुमचा गुलाबी-पोपटी माशाच्या लेखी काळाच असतो. दुकानात आपण बघतो ती आमिषाची पाठ, आणि पाठ माशाला दिसतच नाही! मासा रंगांधळा असतो असं माझं म्हणणं नाही. स्वच्छ, स्थिर पाण्यात पोटाच्या रंगाने फरक पडत असेलही, तेवढं मी मान्य करतो. पण आषाढातलं हिप्परग्याचं पाणी म्हणजे दूध कमी घातलेला चहा, वर लाटा. त्यात रंगाला 650 रुपये मोजणं म्हणजे दिवे गेलेल्या थेटरात बाल्कनीचं तिकीट काढणं.

मग लाटांत चालतं काय? आवाज चालतो. आवाज पाण्यातून हवेच्या साधारण चौपट वेगाने जातो, आणि माशाला कानांखेरीज अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनेची रेघ असते, पार्श्वरेषा. जवळपासच्या पाण्याची हालचाल त्याला तिच्यावर कळते. लाटांची आपली एक एकसुरी गडबड चालू असते. त्या गडबडीत आपलं वेगळेपण कळवायचं तर कुजबुजून भागत नाही. पगाराच्या दिवशी आमच्या शाखेत मागच्या रांगेतून जो मोठ्याने खाकरतो त्याच्याकडेच शिपायाचं लक्ष जातं, तसंच हे. म्हणून पॉपर. खोल तोंडाचा, म्हणजे तो लाटेवरून घसरत नाही, पाणी धरून ठेवतो. अंगाने जाड, म्हणजे जास्त पाणी हलवतो. वजनाने भारी, म्हणजे वाऱ्यात फेकता येतो. आणि शेपटीकडे जड, म्हणजे बुडाशी पाण्यात बसून राहतो, उताणा होत नाही. ओढायचा तोही सावकाश. एक हिसका, गुडुप्, मग थांबायचं, मनात पाच आकडे मोजायचे, मग दुसरा. शांत पाण्यावर जितकी घाई करता त्याच्या निम्मी करायची, कारण लाटांत माशाला नेम धरायलाही वेळ लागतो. पुष्कळदा त्याची पहिली झडप चुकते. अशा वेळी तुम्ही घाबरून आमिष उचललंत, की संपलं. काठीचं टोक खाली ठेवायचं, नाहीतर वारा दोरीला पोट काढतो आणि हिसका आमिषापर्यंत पोचतच नाही. आणि दोरी विणलेली घ्यावी, ती तरंगते. ते पारदर्शक फ्लुओरोकार्बन बुडतं आणि पॉपरचं नाक पाण्यात दाबतं. विणलेल्या धाग्याचं महत्त्व सोलापूरकराला मी सांगायला नको.

रंगाबद्दल अजून शंका असेल तर या धंद्याच्या मूळपुरुषाकडे जा. अमेरिकेत मिशिगन राज्यात डोवॅजिॲक नावाचं गाव आहे. तिथल्या जेम्स हेडन या गृहस्थांनी गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस लाकडी आमिषं करायला घेतली. ते एकदा पाण्याकाठी चाकूने लाकूड तासत बसले होते, हातातला तुकडा सहज पाण्यात फेकला आणि माशाने त्याच्यावर झडप घातली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, त्या तुकड्याला रंग नव्हता, हे लक्षात घ्या. रंग पुढे आला, गिऱ्हाईक आल्यावर. आणि अमेरिकेपर्यंत जायला नको असेल तर आपल्या शेजारी कल्याणीला या, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात मत्स्यविनोद म्हणून अख्खं प्रकरण आहे. गळाने मासे धरणं हा राजाचा विनोद, आणि कुठल्या माशाला काय खायला घालावं याची त्यात चर्चा. मेहुण्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, “त्या वेळी रील नव्हते ना, दाजी.”

मला पॉपरचं हे ज्ञान दुकानात नाही, बांधावर मिळालं. हिप्परग्याला एक मामा आहेत. आयुष्य मागावर गेलं, माग गेल्यावर तळ्यावर आले. तिथल्या मच्छीमारांपैकीच एक. त्यांच्या लोकांना विचारल्याशिवाय मी पाण्यात दोरी टाकत नाही, ही ओळख तिथूनच. माझा उताणा बेडूक त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “सायेब, तुमी रंग बघालाव, मासा आवाज ऐकालाय. मेळ कसा बसायचा?” मग झोळीतून त्यांनी एक वस्तू काढली. हातमागाचा जुना धोटा अर्धा कापलेला. कांडी बसायची पोकळी एम-सीलने बुजवलेली, कापलेलं तोंड निखाऱ्याने जाळून वाटीसारखं खोल केलेलं, बुडाला सायकलच्या नटांचं वजन आणि खाली गळ. धोटा! ज्याने या गावाला शंभर वर्षं चादरी आणि टॉवेल दिले, तो आता बांधावर मरळ धरत होता. मी फेकला. लाकूड वाऱ्याला न जुमानता सरळ गेलं आणि लाटांत बूड टेकवून बसलं. हिसका दिला. बाथरूममधल्या बादलीत तांब्या पालथा दाबल्यासारखा आवाज आला. तिसऱ्या हिसक्याला लाटेच्या कुशीतून काहीतरी काळं वर आलं आणि माझी काठी वाकली. दीड किलोचा मरळ होता. मी तो परत सोडला. ही बातमी बँकेत सांगितल्यावर आमचे हेड कॅशिअर म्हणाले, “त्यात काय, आपण दिवसभर नोटा मोजून परत तिजोरीतच ठेवतो की.”

इथवर सगळं गमतीचं भांडण होतं. पुढची दोन भांडणं तशी नाहीत.

एक असं. आषाढात कधी कधी पाण्यावर तांबूस बुडबुड्यांसारखी खळबळ दिसते. ती मरळाची पिल्लं. शेकड्यांनी एकत्र, श्वास घ्यायला वर येतात, आणि खाली आईबाप राखण करतात. त्या झुंडीवर आमिष फेकलं की मरळ हमखास धरतो, कारण तो भुकेने येत नाही, राखणीला येतो. मेहुण्यांनी ती झुंड बघितली आणि पेटी उघडली. “दाजी, गॅरंटी आहे ही!” मामा दुसऱ्या टोकाहून ओरडत आले. धोट्याने शांतपणे बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून जे निघालं ते छापता येणार नाही. त्यातलं छापण्यासारखं एवढंच, “बाप काढलाव तर सगळी पोरं चिलापीच्या पोटात जात्यात. म्होरल्या साली आमी काय धरायचं?” मेहुणे पुटपुटले की मोबाइलवर सगळे तसंच करतात. करत असतील. घरावर दगड मारून बाहेर धावून आलेल्या माणसाला धरायचं आणि ‘शिकार केली’ म्हणून त्याच्याबरोबर फोटो काढायचा, याला मी छंद म्हणत नाही. त्या रविवारी मी मेहुण्यांची पेटी माझ्या स्कूटरच्या डिकीत टाकली आणि चावी खिशात ठेवली. परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

दुसरं भांडण उजनीचं. मेहुण्यांना होडी हवी होती. त्यांचं म्हणणं, लाटांत काठावरून फेकण्यात अर्थ नाही, मोबाइलवरचे सगळे होडीतून फेकतात. फेकतात खरे. पण त्यांच्या अंगात जाकीट असतं, हे त्यांच्या टोपीकडे बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मी मेहुण्यांना 21 मे 2024 ची तारीख सांगितली. त्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून पलीकडे इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली. एकजण पोहत काठाला लागला. सहाजण गेले, त्यांत लहान मुलं होती. ही माणसं मौजेला निघाली नव्हती. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून रोजच्यासारखी पाण्याने निघाली होती. “आपण लांब कुठं जाणार? काठाकाठाने फिरू,” मेहुणे म्हणाले. मी म्हटलं, वाऱ्याला काठ कळत नाही. ते म्हणाले, “तुम्ही घाबरता.” मी म्हटलं, “हो.” सतरा मिनिटं आम्ही भिगवणच्या बाजूच्या एका धक्क्यावर उभे होतो. होडीवाला बिचारा एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. लाटांच्या माथ्यांवर पांढरा फेस दिसायला लागला होता, आणि फेस दिसला की माझं पॉपरपुराणही बंद होतं. तेव्हा वरचं आमिष चालत नाही, खालचं चालत नाही, चालतो तो काठावरचा चहा. शेवटी मी होडीवाल्याला फेरीचे पैसे देऊन टाकले आणि म्हटलं, आज होडी आम्ही भाड्याने घेतली आहे, ती बांधून ठेवा. मेहुण्यांनी त्यानंतर दोन महिने मला फोन केला नाही. बहिणीला करत. “दाजींना सांग” म्हणून माझ्याशी बोलत.

बायकोने या प्रकरणात पहिल्यांदाच भावाची बाजू घेतली नाही. हा माझ्या संसारातला ऐतिहासिक दिवस, म्हणून नोंद करून ठेवतो.

परवा राखीपौर्णिमेला मेहुणे आले. राग गेलेला होता, निदान मावळलेला. जाताना हळूच म्हणाले, “दाजी, तो धोटा देता का आठ दिवस? बघतो म्हणतो.” मला भरून आलं. पुण्याचा माणूस सोलापूरचा धोटा मागतो आहे! मामांनी मला दिलेला तो धोटा मी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवला. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात विजय. “चार मरळ, दाजी! चार! आणि केवढा वारा होता सांगू!” मी म्हटलं, “मी काय सांगत होतो?” ते म्हणाले, “नाही, मी काय सांगत होतो!”

कुरिअरने धोटा परत आला तेव्हा उलगडा झाला. त्यांनी तो रंगवला होता. पाठ गुलाबी, कडा पोपटी, पोटाला सोनेरी वर्ख, दोन्ही बाजूंना पापण्यांसकट डोळे. सोबत चिठ्ठी, ‘लाटांत रंग भडक लागतो.’

गेले दोन रविवार मी गॅलरीत बसून पॉलिशपेपरने तो घासतो आहे. वर्ख गेला, पोपटी जवळजवळ गेला, गुलाबी निघता निघत नाही. मामांना हे काय म्हणून दाखवायचं? काल बायको चहा घेऊन आली, धोट्याकडे बघून म्हणाली, “अहो, एवढं कशाला घासताय? छान दिसतोय की!”